साठ फूट डांबर

शनिवार, ता. २

आज फाटकाजवळचा जुना सिमेंटचा पट्टा फोडला. चार फूट रुंद, नऊ फूट लांब. घण शेजारच्या मुकादमांचा. साडेसातला सुरुवात केली, अकराला बोटं उघडेनात. दांड्याभोवती वळलेली तशीच राहिली, ती दाराच्या कडेवर दाबून सरळ केली.

मुकादम तीस वर्षं रस्त्याच्या कामावर होते. आता गुडघे गेलेत म्हणून कुंपणावर कोपर टेकून बघतात. म्हणाले, "बाई, घण हाताने मारायचा नसतो. वर न्यायचा आणि पडू द्यायचा. तुम्ही तर त्याचा जीव घ्यायला निघालाय."

"कोणाचा?"

"सिमेंटचा. आणखी कोणाचा?"

इथे खरं लिहायला हरकत नाही. घण खाली येताना मला सिमेंट दिसत नव्हतं. जावयांचं डोकं दिसत होतं, चष्म्यासकट. अठ्ठेचाळीस घाव मोजले, मग मोजणं सोडलं.

हे सगळं कशासाठी ते एकदाच लिहून ठेवते. चार महिन्यांपूर्वी पुलाजवळच्या उतारावर गाडी उलटली आणि माझी लेक गेली. गाडी जावई चालवत होते. तसं त्यांनी स्वतः पोलिसांना सांगितलं. त्यांना नुसतं खरचटलं. मागे झोपलेल्या नातीचं कमरेचं हाड मोडलं. तिला आम्ही खारू म्हणतो, सात वर्षांची आहे. तीस तारखेला तिला हॉस्पिटलमधून सोडतील. पुढचं वर्षभर चाकांची खुर्ची.

माझ्या धाकट्या भावाने वकील गाठलाय. अठ्ठावीस तारखेला मी अर्जावर सही केली की खारू बापाकडे न जाता माझ्याकडे येईल, असं वकील म्हणतात. फक्त खुर्ची फाटकापासून दारापर्यंत गेली पाहिजे. आज ती जाणार नाही. साठ फूट नुसते दगड आणि माती. ठेकेदार येऊन गेला. त्याचा आकडा ऐकून मी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मुकादम म्हणाले, तुम्हीच करा, मी सांगतो.

सदतीस वर्षं मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होते. आम्ही आकडे लिहायचो, अर्थ डॉक्टर लावायचे. या वहीतही तसंच करीन.

रविवार, ता. ३

सकाळी आठला जावई आले. फाटकाबाहेर उभे राहिले, मी या म्हणेपर्यंत आत आले नाहीत.

"आई, मुकादमांनी कळवलं. शनिवार-रविवार मीही येत जाईन."

"मी तुमच्याविरुद्ध अर्ज करणार आहे. ठाऊक आहे ना?"

"मामांनी सांगितलं."

"तुम्ही नेहमीच बेफाम गाडी चालवायचात, मी डोळ्यांनी पाहिलंय, असं त्यात लिहिलंय."

ते थोडा वेळ फाटकाची कडी हलवत राहिले. मग म्हणाले, "लिहू दे. पण हे एकट्याने करू नका. कंबर धरली तर खारूला उचलणार कोण?"

त्यांनी भांडावं असं मला वाटत होतं. मी त्यांच्या हातात पहार दिली.

त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. तिळाएवढे स्क्रू बसवतात, हात जराही हलत नाही. पहारीची सवय कुठून असणार. मुकादम म्हणाले, "जावईबापू, काच पुसताय का पहार मारताय? जमिनीला लागेल म्हणून भिताय का?" ते हसले आणि जोरात मारू लागले. दोन तासांत तळहातांना फोड आले आणि फुटले. दांड्यावर ओला डाग पडला. मला दिसला. थांबा म्हटलं नाही. त्यांनी हातमोज्यांचे दोन जोड आणले होते आणि ओट्यावर ठेवले होते, तेही घाला म्हटलं नाही.

ते गेल्यावर मी एक जोड घालून बघितला. मला बरोबर बसला. दुसराही माझ्याच मापाचा.

मंगळवार, ता. ५

एकटीने तीन फूट खणलं. खोली वीतभर ठेवायची, ढाळ घराकडून फाटकाकडे, म्हणजे पाणी दाराशी थांबत नाही. मुकादमांनी दोरी बांधून दिली. पाणसळीचा बुडबुडा मधल्या रेघेपासून किती सरकला पाहिजे, तेही दाखवलं.

सहा दहाला टिकाव टाकून घरात आले. या वेळेला काही सुचत नाही. लॅब सुटली की मी सहा दहाला लेकीला फोन करायचे. तिचं लग्न झाल्यापासून रोज, नऊ वर्षं. त्या दिवशीही केला. ती म्हणाली, "आई, नंतर करते." मी म्हटलं, "दोन मिनिटं नाहीत का आईसाठी?" मग ती बोलत राहिली. कुठली मोठी गोष्ट नाही, माझ्या गोळ्यांविषयी. मागून जावयांचा आवाज येत होता. "ठेव. आधी ठेव तो." दोनदा. मग फोन बंद झाला.

हे मी त्यांना कधी माफ करणार नाही. निघायची घाई असेल, म्हणून असं ओरडायचं? माझ्या लेकीचा शेवटचा फोन, आणि हा माणूस तिला तेवढंही बोलू देत नव्हता. मला वाटलं, फोन हिसकावून घेतला असेल. रागाने मी पुन्हा लावला नाही. तासाभराने पोलिसांचा आला.

गाडी घेऊन त्यांना आठच महिने झाले होते. तू चालवायची नाहीस, असा शब्द मी लेकीकडून घेतला होता. लहानपणापासून तिचं लक्ष कधी एका जागी नसायचं. ती म्हणाली, "बरं बाई, हेच चालवतील." ती गाडी मी चालताना कधी बघितलीच नाही. दगडांमुळे दारापर्यंत यायची नाही. कोपऱ्यावर ठेवून तिघं चालत यायचे. लेक दर वेळी म्हणायची, आई, हा रस्ता एकदा करून घे.

शनिवार, ता. ९

वाईट दिवस.

सकाळी झाडाची मुळं लागली. माझ्या मनगटाएवढी. कुऱ्हाडीने तोडली. जावई ओढायचे, मी तोडायचे. एकदा कुऱ्हाड त्यांच्या बोटांपासून चार बोटांवर पडली. त्यांनी हात मागे घेतला नाही. मीही बघून मार म्हणून स्वतःला सांगितलं नाही.

दहाच्या सुमाराला फावड्याखाली बेडूक आला. दोन तुकडे झाले, दोन्ही हलत होते. जावयांनी तोंड फिरवलं. मी फावड्याच्या पाठीने ठेचला. म्हटलं, "अर्धवट सोडायचं नसतं."

मग धाकटा आला. फाटकातूनच म्हणाला, "वा जावईबापू. रस्ता बांधताय? आधीचा पुरला नाही का?"

जावई मुळांसाठी खोल खणलेल्या चरात उभे होते, गुडघ्याएवढ्या. "या मामा," म्हणाले.

"मला मामा म्हणू नकोस."

धाकट्याने कडेला पडलेला फावड्याचा जुना दांडा उचलला आणि आडवा तोंडावर मारला. जावई चरात बसले. चष्मा फुटला. धाकटा खाली उतरला आणि लाथा घालू लागला, कमरेत, पोटात. "ओरड की. तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. ओरड." जावई ओरडले नाहीत. हात डोक्यावर घेऊन पडून राहिले.

मी थांबवलं नाही. हे लिहिलंच पाहिजे. मी मोजत होते. सहा लाथा. मुकादम गुडघ्यांसकट कुंपण ओलांडून आले, हातात पहार. म्हणाले, "सातवी मारा, मग आठवी माझी."

धाकटा दांडा टाकून निघून गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी केलं."

मी जावयांचं तोंड धुतलं. नाकाचं हाड शाबूत होतं, ओठ आतून फाटला होता. रक्तगट बी पॉझिटिव्ह. लग्नाआधी मीच तपासला होता. कापूस तीनदा बदलला.

"मामांचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. बोलताना पुन्हा रक्त आलं.

"बोलू नका," मी म्हटलं.

मग त्यांनी फुटक्या चष्म्याच्या काड्या रुमालात बांधल्या आणि दुपारी चरात उतरून तीन वाजेपर्यंत खणलं. फारसं दिसत नसावं. दोरीला दोनदा अडखळले.

गुरुवार, ता. १४

सोमवार-मंगळवारी खडी टाकली आणि धुम्मस केली. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याला जड लोखंडी ठोकळा, उचलायचा आणि आपटायचा. आमची सोळा किलोची. मुकादम म्हणतात, वर काहीही टाका, खालचं पोट घट्ट नसेल तर सहा महिन्यांत खचतं.

गरम नवं डांबर परवडत नाही. मुकादमांनी वेगळी युक्ती काढली. कुठे मोठ्या रस्त्याची दुरुस्ती असली की जुना थर यंत्राने खरवडून काढतात. तो माल स्वस्तात मिळतो. उन्हात पसरला, वर थोडं पातळ डांबर ओतलं आणि पुरेसा बडवला की तुकडे पुन्हा एकमेकांना धरतात. मुकादम त्याला खरवड म्हणतात.

आज ट्रक आला. ड्रायव्हर बडबड्या होता. "एक नंबर माल आहे बाई. पुलाजवळचा उतार उखडलाय. माणसं फार मरायची तिथे, आता वळण सरळ करतायत."

मुकादमांचा चेहरा उतरला. त्यांना हे आधी कळलेलं नव्हतं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "परत पाठवतो. दुसरीकडचा बघू."

"टाका," मी म्हटलं.

"बाई."

"इथेच टाका. सगळा."

ट्रकने मागचा भाग उचलला. माल खाली आला तेव्हा धूर उठावा तशी काळी धूळ उठली. दारापर्यंत आली, तोंडात गेली. मी तोंड धुतलं नाही. ट्रक गेल्यावर ढिगात हात घातला, कोपरापर्यंत. आत गरम होतं. एक लाल प्लॅस्टिकची चीप मिळाली, नखाएवढी. गाड्यांच्या मागच्या दिव्याला असते तशी. कोणाच्याही गाडीची असेल. लॅबमधून आणलेल्या नमुन्याच्या बाटलीत ठेवली. चिठ्ठी लावली नाही.

संध्याकाळी सहा दहाला धुम्मस घेतली आणि ढिगावरच आपटत राहिले. त्याचा कामाला काही उपयोग नव्हता. अंधारेपर्यंत आपटली.

रविवार, ता. १७

काल आणि आज खरवड पसरली. दंताळ्याने ओढायची, चार बोटं जाड. जावयांच्या डोळ्याखाली अजून हिरवंपिवळं आहे. दुकानातला कुठलातरी जुना चष्मा घालून आले होते, मोठ्या फ्रेमचा. मुकादम म्हणाले, "आता नीट दिसतंय का? की मीही दोन-दोन दिसतोय?" "तुम्ही एकच पुरे," जावई म्हणाले. मलाही हसू येणार होतं, ते मी आवरलं.

दुपारी पिंपात डांबर तापवलं. लांब चोचीच्या डब्याने ओतायचं काम माझं. जावई पुढे दंताळं घेऊन वाकले होते. डबा जड होता, माझा हात वाकला आणि धार त्यांच्या पावलावर पडली. बुटाच्या वरच्या बाजूने आत गेली.

मुद्दाम नाही. पण डबा मी लगेच वर उचलला नाही. एक श्वास घेईपर्यंत धार तिथेच होती. तेवढा वेळ मी बघत होते.

ते खाली बसले. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज आला, लहान मुलासारखा. मुकादमांनी पाण्याची बादली ओतली. बूट मी कापला. त्यांनी डांबर बोटाने ओढायला घेतलं, मी हात धरला. "ओढायचं नाही. कातडी येते." गार पाणी धरून ठेवलं, वीस मिनिटं घड्याळ लावून.

"आई, चुकून झालं," ते म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.

ते गेल्यावर एकटीने धुम्मस केली. एक जागा, दहा घाव, एक पाऊल मागे. या मालाने माझी लेक घेतली. प्रत्येक घाव आतपर्यंत पोचला पाहिजे. दंड थरथरायला लागले तरी चालू ठेवलं. मुकादम कुंपणापलीकडून म्हणाले, "बाई, तो मेलाय. आता रस्ता होऊ द्या."

शनिवार, ता. २३

जे झालं ते क्रमाने लिहिते.

धुम्मसने पुरेसं दबत नाही. रोलर भाड्याने घेणं परवडत नाही. मुकादमांच्या ओळखीच्या माणसाने दगड भरलेला टेम्पो आणून फाटकातून आत लावला आणि संध्याकाळी नेतो म्हणून गेला. मुकादम म्हणाले, "भरलेल्या गाडीची चाकं फिरली की रोलरचंच काम होतं. मागे-पुढे वीस फेऱ्या, दर फेरीला चाक वीतभर सरकवायचं. माझा गुडघा क्लच दाबू देत नाही. जावईबापू, बसा."

जावई म्हणाले, "त्या टेम्पोवाल्यालाच बोलावू ना परत."

मी म्हटलं, "का? माझ्या लेकीला घेऊन बसलात तेव्हा दुसऱ्या कोणाला बोलावलं नाहीत."

ते बसले. बराच वेळ काही झालं नाही. खिडकीतून दिसत होतं, ते खाली वाकून पायांकडे बघत होते. मग किल्ली फिरवली. टेम्पोने गचका दिला आणि बंद पडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा इंजिन ओरडलं आणि टेम्पो एकदम मागे उसळला. मुकादम मागेच उभे होते. त्यांनी स्वतःला बाजूच्या मातीत टाकलं. टेम्पो फाटकाच्या खांबावर आदळला, खांब मुळासकट गेला, वरचा दगड मुकादमांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडला.

मी दार उघडलं. जावयांना कॉलरला धरून खाली ओढलं. दंताळं हाताशी होतं, त्याच्या दांड्याने मारलं. पहिला पाठीवर, दुसरा दंडावर, तिसरा खांद्याच्या पुढे. हाड मोडल्याचा आवाज काडीसारखा नसतो. जाड असतो, ओल्या फांदीचा.

"अशीच चालवत होतास ना? अशीच?" मी म्हणत होते. "अरे, माझी लेक होती त्यात."

नऊ वर्षांत मी त्यांना कधी एकेरी बोलले नव्हते. त्यांनी हात वर केला नाही. चौथा मारणार तेव्हा मुकादमांनी मला मागून कव घातली. मी त्यांच्या मनगटाला चावले. दात उमटले.

जावई उठून बसले. खांदा खाली लोंबत होता. म्हणाले, "खारूला सांगा, टेम्पोतून उतरताना पडलो."

हॉस्पिटलमधून परत आल्यावर मुकादम मनगटाला फडकं बांधून ओट्यावर बसले. म्हणाले, "बाई, त्या माणसाला गाडी येत नाही."

"अपघातानंतर हात कापत असतील."

"हात कापणं वेगळं. मी शंभर ड्रायव्हर बघितलेत, घाबरलेलेही. घाबरलेल्या माणसाचा पायसुद्धा क्लचवर आपोआप जातो. याने तो शोधला."

"लायसन्स आहे त्यांच्याकडे."

"लायसन्स माझ्या मेव्हण्याकडेही आहे. तो स्टँडवर लावलेल्या सायकलवरून पडतो."

संध्याकाळी टेम्पोवाल्याने वीस फेऱ्या मारून दिल्या. रस्ता छान दबला. खारूच्या फळ्यासारखा सपाट दिसतोय.

रविवार, ता. २४

खारूला भेटायला गेले. जावई तिथेच होते, हात गळ्यात. गळपट्टीचं हाड, सहा आठवडे.

"बाबा टेम्पो चालवत होते?" खारूने विचारलं आणि इतकी हसली की नर्स बघायला आली. "आजी, बाबांना कशाला बसवलंस? आई त्यांना म्हणायची, तुमचं लायसन्स फ्रेम करून दुकानात लावा, तेवढाच उपयोग."

"खारू, पाणी पी," जावई म्हणाले.

मुलं बापाची कड घेतातच. मी विषय बदलला. खुर्चीच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजलं, चोवीस इंच. रस्ता सहा फूट रुंद आहे. पुरेसा आहे.

घरी येऊन त्या दिवसाचे कागद काढले. पोलिसांच्या कागदावर अपघाताची वेळ सहा वाजून बारा मिनिटं. पुलावरच्या चौकीतून दिसला, म्हणून वेळ नक्की आहे. हा कागद मी आधीही वाचला होता. माझ्या फोनमधला शेवटचा कॉल सहा दहा, एक मिनिट पन्नास सेकंद.

दोन आकडे. अर्थ लावत नाही.

मंगळवार, ता. २६

दुकान बंद करून जावई आले. एका हाताने खांबाच्या विटा रचायला बसले. मी समोर जाऊन उभी राहिले.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"क्लच कुठल्या पायाखाली असतो?"

ते विटेवरची माती पुसत राहिले. "आई, आता त्याने काय होणार आहे."

"कुठल्या पायाखाली?"

त्यांनी दुसरी वीट उचलली.

"तिने मला शब्द दिला होता," मी म्हटलं.

"हो. तो मोडला हे तुम्हाला कळू नये असं तिला फार वाटायचं. म्हणून मी म्हणालो की मी होतो. दुसरं काही नाही." मग घाईघाईने म्हणाले, "ती छान चालवायची. आणि फोन नंतर वाजला, आई. गाडी उलटल्यावर. तो कोणी उचललाच नाही."

मी फोनचं काही विचारलं नव्हतं. आणि तो उचलला होता. मी तिच्याशी बोलले होते.

ठेव. आधी ठेव तो.

टिकाव भिंतीला टेकवलेला होता. मी रस्त्यावर घातला. पुलाजवळचा उतार, चार बोटं जाड, मीच दाबलेला. पहिल्या घावाला टिकाव उसळला, दुसऱ्याला आत गेला, मग मोठे तुकडे निघू लागले. एक घाव निसटून माझ्या नडगीवर बसला. पांढरं हाड दिसलं. बरं वाटलं. मी पुन्हा उचलला.

जावयांनी एका हाताने दांडा धरला आणि छातीशी ओढला. मोडका खांदा त्यावर आपटला असणार, त्यांचं तोंड पांढरं पडलं. पण सोडला नाही. "मला मारा. पाहिजे तेवढं मारा. हा रस्ता नको. खारू शनिवारी येतेय."

आम्ही दोघं तसेच खाली बसलो, टिकाव मध्ये. किती वेळ ते मोजलं नाही.

मला सहा टाके. खड्डा दोन फूट बाय दीड.

गुरुवार, ता. २८

वकिलांकडे गेले. अर्ज वाचला, परत दिला. म्हटलं, यात लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

धाकटा जिन्यात माझा दंड धरून म्हणाला, "ताई, त्याने तुला फितवलं. सांग, काय म्हणाला?" दंड दुखेपर्यंत धरला. मला एक वाक्य बोलायचं होतं. नऊ-दहा शब्दांचं. मी हात सोडवून घेतला आणि उतरले.

दुपारी खड्डा भरला. खरवड टाकली, डांबर ओतलं. या वेळी डबा दोन्ही हातांनी धरला. मुकादमांनी बसल्या बसल्या धुम्मस केली. म्हणाले, "ठिगळ आहे ते. उंचवटा राहणार. त्याला इलाज नाही."

जावयांना म्हटलं, पुढची खोली रिकामी केलीय. तुमच्या घराला तीन जिने आहेत, तिथे खुर्ची चढायची नाही. तुम्ही दोघंही इथे या.

ते म्हणाले, "दुकान लांब पडेल." मग म्हणाले, "बरं."

शनिवार, ता. ३०

अकराला खारू आली. धाकटाही आला होता, भाचीची मुलगी म्हणून. जावयांकडे पाठ करून उभा होता.

खारूने कोणाला ढकलू दिलं नाही. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत फाटकातून आत आली. मधोमध खुर्चीला गचका बसला. तिने ओठ चावला, कंबर दुखली असणार. "इथे उंच का झालंय?"

"माझं चुकलं," जावई म्हणाले. "काम करताना खड्डा पडला माझ्याकडून."

धाकटा म्हणाला, "याने इथेही वाट लावलीच."

"त्यांनी नाही," मी म्हटलं. "तो खड्डा मी पाडला."

खारू पुढे निघाली. ती दाराजवळ पोचेपर्यंत मी थांबले. मग धाकट्याला सांगितलं, हळू आवाजात, पण एकही शब्द न गाळता. गाडी लेक चालवत होती. सहा दहाला फोन मी केला. ती 'नंतर करते' म्हणाली, मी फोन ठेवू दिला नाही. जावई तिला फोन ठेव म्हणत होते.

धाकटा अर्धवट रचलेल्या खांबावर बसला. जावई म्हणाले, "आई, कशाला." मुकादमांनी टोपी काढून हातात घेतली आणि आत काय लिहिलंय ते वाचत असल्यासारखे बघत राहिले.

तेवढ्यात दारातून खारूची हाक आली. "आजी, पुढे कसं?"

उंबरठा. पाच इंच. ढाळ मोजला, जाडी मोजली, चाकांमधलं अंतर मोजलं. उंबरठा आम्हा तिघांपैकी एकालाही आठवला नाही.

जावयांनी चांगल्या हाताने खुर्चीची एक बाजू धरली. मी दुसरी धरली. नडगीचे टाके ताणले. "तीन म्हटल्यावर," ते म्हणाले. आम्ही तिला उचलून आत घेतलं.